लायसन्स जप्त झाले, आता पुढे काय?

गॅसचा नंबर कधी लावला, दूधवाल्याचे किती खाडे झाले, मुलांच्या फीची शेवटची तारीख कोणती, हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. पण घरातल्या गाडीचे कागद कुठे आहेत आणि कुणाचे लायसन्स कधी संपते, असे कुणी विचारले तर आपण "ते हेच बघतात" असे म्हणून मोकळ्या होतो. आणि एक दिवस 'हे'च घरी येऊन सांगतात, "पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं."

तालुक्याच्या गावाहून एका भगिनीने या सदराला लिहिले आहे. मिस्टरांचे दुकान आहे. चालू स्कूटरवर मोबाइल कानाला लावलेला असताना चौकात त्यांना अडवले, लायसन्स घेतले आणि हातात एक पावती दिली. दंडही भरून झाला. आता ते रोज सकाळी मुलीला क्लासला सोडतात, तिथून दुकानात जातात. म्हणतात, "पावती आहे ना खिशात, काही होत नाही." स्कूटर मात्र या बाईंच्या नावावर आहे. त्या लिहितात, "बोलावे तर घरात भांडण, न बोलावे तर दिवसभर जिवाला घोर. मी काय करू?"

बाई, तुमचा घोर खरा आहे. मिस्टरांचे म्हणणे चूक आहे. ते का, आणि गेलेले लायसन्स रीतसर परत कसे मिळवायचे, हे आज सगळ्याच जणी समजून घेऊ. कारण आज ही पाळी दुसरीवर आली, उद्या आपल्यावरही येऊ शकते.

पावती म्हणजे लायसन्स नव्हे

आपल्याकडे गाड्यांचा मूळ कायदा १९८८ चा, मोटार वाहन कायदा. त्यात २०१९ साली मोठे बदल झाले. पूर्वी पोलिसांनी लायसन्स घेतले की जी पोच मिळे, ती दाखवून लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येत असे. काही कारणांसाठी घेतलेल्या लायसन्सच्या बाबतीत ते आजही खरे आहे. त्यामुळे "पावतीवर चालतं" हा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे.

पण २०१९ च्या बदलाने कलम २०६ मध्ये नवा भाग घातला. वेगमर्यादा मोडणे, धोकादायक रीतीने गाडी हाकणे, दारू पिऊन चालवणे, रस्त्यावर शर्यत लावणे, धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणे, दुचाकीवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणे, आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशामक बंबाला वाट न देणे, या कारणांसाठी लायसन्स घेतले असेल तर मिळणारी पावती ही फक्त पोच असते. लायसन्स परत हातात येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. चालत्या गाडीवर हातात मोबाइल धरणे आणि लाल सिग्नल तोडणे हे दोन्ही आता 'धोकादायक रीतीने चालवणे' यातच मोडते.

म्हणून पहिले काम हे, की ती पावती नीट वाचायची. कोणते कलम लिहिले आहे, तारीख कोणती आणि लायसन्स कोणत्या कार्यालयाकडे पाठवले आहे, या तीन गोष्टी वहीत उतरवून ठेवा. पावतीचा कागद पातळ असतो, त्यावरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते. तिची झेरॉक्स काढा.

आणखी एक. हल्ली पुष्कळांचे लायसन्स मोबाइलमध्ये असते, प्लॅस्टिकचे कार्ड पोलीस घेतीलच असे नाही. "कार्ड तर माझ्याचकडे आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. निलंबनाची नोंद सरकारच्या संगणकात होते. 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख घातली की ते चालू आहे की निलंबित, हे कळते. मुलांना सांगा, पाच मिनिटांत काढून देतील.

दंड भरला म्हणजे सुटलो का?

नाही. इथेच घरोघरी गफलत होते. दंड भरला की आपल्याला वाटते, दुधाचे बिल चुकते केले, खाते मिटले. पण कायद्यात या दोन वेगळ्या वाटा आहेत. दंड भरून गुन्ह्याची तडजोड होते. त्या तडजोडीने लायसन्सवरची कारवाई मात्र थांबत नाही आणि उजळणीचे प्रशिक्षण घ्यायची जबाबदारीही टळत नाही, असे कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. शिवाय तडजोड केलेला गुन्हा पुढच्या वेळी 'पहिला गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे पुन्हा तेच घडले की तो दुसरा गुन्हा.

आणि दुसऱ्या गुन्ह्याची किंमत फार मोठी आहे. पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स बंद. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द.

निलंबित वेगळे, रद्द वेगळे

हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. विजेच्या बिलाचे उदाहरण घ्या. बिल थकले म्हणून वीज तोडली तर मीटर दारात तसाच असतो. अटी पूर्ण केल्या की जोडणी पुन्हा मिळते. हे झाले निलंबन. पण मीटरच काढून नेला तर नवा अर्ज आणि नवे कागद, सगळे पहिल्यापासून. हे झाले रद्द होणे. लायसन्स रद्द झाले तर परत मिळवण्यासारखे काही उरत नाही. पुन्हा शिकाऊ लायसन्स, किमान तीस दिवसांची थांबणी, पुन्हा परीक्षा, तेही कायदा जेव्हा परवानगी देईल तेव्हा.

तिसरा प्रकार म्हणजे नुसती मुदत संपलेले लायसन्स. तो गुन्ह्याचा भाग नाही, विसराळूपणाचा आहे. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात नूतनीकरण होते. संपून वर्ष उलटले तर मात्र गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. म्हणून निलंबनाच्या काळातच कुणाची मुदत संपत असेल तर तीही तारीख लिहून ठेवा. एका काट्याचा विचार करताना दुसरा पायात रुतायला नको.

सुनावणीची नोटीस आली तर

लायसन्स आरटीओकडे गेले की तिथला अधिकारी एकतर्फी निकाल देऊ शकत नाही. आधी नोटीस काढून म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ऐकून घेतल्यावर तो अधिकारी लेखी कारणे देऊन लायसन्स निलंबित करू शकतो, किंवा पटले तर सोडूनही देऊ शकतो. सोडून द्यायचा अधिकार त्याला आहे, हे लक्षात ठेवा. पुष्कळ माणसे "जाऊन काय होणार" म्हणून जात नाहीत आणि निकाल त्यांच्या मागे लागून जातो.

नोटीस आली की ती टीव्हीखालच्या कागदांत ठेवू नका. कोणत्या कार्यालयाने काढली ते वरचे नाव वाचा आणि त्याच कार्यालयात जा. जाताना नोटीस, पावती, दंड भरल्याचा कागद, ओळखीचा पुरावा, गाडीचे आरसी बुक आणि विम्याचा कागद, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स बरोबर असू द्या.

म्हणणे लेखी द्या. साधे, खरे आणि एका पानात मावेल असे. कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोतला माणूस तुम्ही नसाल तर तसे लिहा. गाडी विकली होती पण नाव बदलायचे राहिले असेल तर विक्रीचा कागद जोडा. नंबरप्लेटचा आकडा चुकीचा वाचला गेला असेल तर तुमच्या गाडीचा फोटो जोडा. दवाखान्याची धावपळ असेल तर त्या दिवसाचा केसपेपर जोडा. गाडी चालवणे हीच रोजीरोटी असेल, रिक्षा किंवा टेम्पो असेल, तर तेही लिहा आणि आजवर एकही गुन्हा नसेल तर तो मुद्दा ठळक लिहा. खोटे मात्र काही लिहू नका. कारण कॅमेऱ्यातला फोटो त्या टेबलावरच असतो. दिलेल्या अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला कागद हरवला तर तो दिलाच नव्हता, असे होते.

निकाल पटला नाही तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. अपील कुणाकडे करायचे, हे आदेश हातात घेतानाच विचारून लिहून घ्या. तीस दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. सणवार, पाहुणे, परीक्षा यांत ते कसे जातात, ते आपल्याइतके कुणाला माहीत?

तीन महिने संपले, लायसन्स कुठे आहे?

मुदत संपली की लायसन्स आपोआप घरी येत नाही, आणि आपोआप चालूही होत नाही. आणखी एक अट असते. ती म्हणजे वाहन चालवण्याचे उजळणी प्रशिक्षण. सरकारमान्य ड्रायव्हिंग स्कूल किंवा नेमून दिलेल्या संस्थेत ते घ्यायचे आणि ते पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणायचे. कायदा सांगतो, की निलंबनाची मुदत संपल्यावर हे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले असेल तरच लायसन्स परत द्यायचे.

म्हणून तीन महिने संपण्याची वाट बघत बसू नका. निलंबनाचा आदेश हातात आला की त्याच खेपेला विचारा, "प्रशिक्षण कोणत्या संस्थेत घ्यायचे? इथे कोणती मान्य आहे?" कुठल्याही पाटीवर 'मोटर ड्रायव्हिंग स्कूल' लिहिलेले असते म्हणून पैसे भरू नका. चुकीच्या जागचे प्रमाणपत्र घेतले तर पैसेही गेले आणि दिवसही. पहिल्या महिन्यातच हे आटोपले तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत, प्रमाणपत्र आणि साधा अर्ज घेऊन कार्यालयात जाता येते. कार्ड हातात आले तरी थांबा. 'सारथी'वर नोंद 'चालू' अशी दिसते का, ते बघा, आणि मगच किल्ली हातात घ्या.

प्रकरण कोर्टात गेले असेल तर वाट थोडी वेगळी असते. धोकादायक गाडी चालवून कुणाचा जीव गेला किंवा कुणाला गंभीर दुखापत झाली आणि शिक्षा लागली, तर कोर्ट स्वतःच लायसन्स निलंबित किंवा रद्द करते. अशा वेळी निलंबनाची मुदत संपल्यावर परत मिळवायला लेखी अर्ज करावा लागतो, गाडी चालवण्याची परीक्षा नव्याने पास व्हावी लागते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रही आणावे लागते.

दारूच्या बाबतीत तर कायद्याने फार जागाच ठेवलेली नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा झाला. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर लायसन्स रद्द करण्यावाचून कोर्टाला दुसरा मार्गच नाही. ज्या घरात हा त्रास आहे, त्या घरातल्या मैत्रिणीला एवढेच सांगते, की लायसन्स गेल्याची लाज तुम्ही वाटून घेऊ नका. ते परत मिळवण्याच्या धडपडीआधी दारू सोडवण्याची खटपट करा. नाहीतर तो कागद परत येईल आणि पुन्हा जाईल.

गाडी तुमच्या नावावर असेल तर

आता मूळ पत्राकडे वळू. पुष्कळ घरांत स्कूटर बाईच्या नावावर घेतात. कर्जाच्या सोयीने, कधी हौसेने. पण आरसी बुकावर नाव आले की जबाबदारीही येते.

लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली तर चालवणाऱ्याला कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि ज्याच्याजवळ चालू लायसन्स नाही, त्याला आपली गाडी चालवू देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. इथे मालक म्हणजे आरसी बुकावर जिचे नाव आहे ती.

याहून मोठी गोष्ट विम्याची आहे. विम्याच्या पॉलिसीत अट असते, की चालवणाऱ्याजवळ अपघाताच्या वेळी चालू लायसन्स हवे आणि ते धारण करायला तो अपात्र ठरलेला नसावा. निलंबनाच्या काळात अपघात झाला तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळणार नाहीत, हे तर झालेच. पण समोरच्या माणसाला इजा झाली तर? विमा कंपनीला आधी त्याची भरपाई द्यायला लावून नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा कोर्टे देत आली आहेत. ती रक्कम पाच-दहा हजारांची नसते. तिच्यात घर जाते, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले जाते. त्या मैत्रिणीला वाटणारा घोर हाच आहे आणि तो अगदी योग्य आहे.

मग बोलायचे कसे? सकाळी ते दारात बूट घालत असताना नको, आणि सासूबाईंसमोर तर नकोच. रात्री जेवणे झाली, मुले झोपली, की पावती पुढे ठेवा आणि म्हणा, "अहो, यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा ना. गाडी माझ्या नावावर आहे. काही झालं तर दोघंही अडकू. मग मुलीकडे कोण बघणार?" तुमचं चुकलं, हे वाक्य त्या रात्री नको. चुकलेले त्यांनाही माहीत असते. त्यांना फक्त कुणीतरी मार्ग दाखवायला हवा असतो. तो तुमच्याकडे तयार असू द्या. क्लासला कोण सोडणार, दुकानात कसे जायचे, हे आधी ठरवून मगच बोला.

आणि एवढे करूनही ऐकले नाही तर? तर किल्ली तुमच्या कपाटात ठेवा. हा रुसवा नव्हे आणि हट्टही नव्हे. गाडी ज्यांच्या नावावर, किल्लीचा निर्णय त्यांचा. चार दिवस घरात अबोला राहील. तो परवडतो.

आपले स्वतःचे लायसन्सही तपासा

नवऱ्याला शहाणपण शिकवून आपण मात्र सकाळी काय करतो? धाकट्याला स्कूटरवर पुढे उभे करतो, थोरलीला मागे बसवतो आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायचे म्हणून निघतो. कायद्याने दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस, तोही मागच्या पक्क्या सीटवर. पुढे उभे राहायची जागा कायद्यात नाही. मूल लहान असले तरी ते माणूसच मोजले जाते. ट्रिपल सीटला केंद्राच्या कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. हेल्मेट नसले तरी तेच. तडजोडीची रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते, पण लायसन्स बंद होण्याची शिक्षा दंडाच्या जोडीने येतेच.

चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत, असा नियम २०२२ साली झाला आणि २०२३ पासून लागू आहे. अंबाडा बांधला की हेल्मेट बसत नाही, अशी तक्रार पुष्कळजणी करतात. अंबाडा शाळेत पोचल्यावर बांधा. निघताना सैल वेणी घाला.

दोन मुले आणि एक स्कूटर असेल तर दोन फेऱ्या मारा. नाहीतर शेजारणीशी ठरवा. एक दिवस तिने तुमच्या थोरलीला न्यायचे, एक दिवस तुम्ही तिच्या मुलाला. नाहीतर रिक्षाचा महिना लावा. तीन महिने स्कूटर दारात उभी ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि मूल पडले तर होणाऱ्या खर्चाचा तर हिशेबच नको.

सोळा वर्षांचा मुलगा आणि किल्ली

"कोपऱ्यावरून कोथिंबीर आण रे" म्हणून आपण त्याच्या हातात किल्ली देतो. त्याने चालवलेल्या गाडीवर गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसावे वर्ष पुरे होईपर्यंत लायसन्सच मिळत नाही. विचार करा, शिक्षण संपले, नोकरी लागली, फिरतीची नोकरी असली तर तिची पहिली अट लायसन्स, आणि ते नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ही किंमत मोजायची का? सोळाव्या वर्षी मिळते ते लायसन्स फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचे असते. आपल्या दारातल्या नेहमीच्या स्कूटी शंभर सीसीच्या पुढच्या असतात. त्या त्यात बसत नाहीत.

आडवाटेने जाऊ नका

कार्यालयाबाहेर हमखास कुणीतरी भेटतो. "ताई, दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन काढून देतो, जुनं सांगायचंच नाही." त्याला हात जोडा आणि पुढे चालू लागा. एका माणसाला एकच लायसन्स असते. अपात्र असताना अर्ज करणे हाही कलम १८२ खालचा गुन्हा आहे, आणि तसे मिळवलेले लायसन्स कायद्याच्या दृष्टीने कागदाचा तुकडा. सगळ्या कार्यालयांच्या नोंदी आता एकाच संगणकाला जोडलेल्या आहेत. जुनी नोंद निघतेच.

तीन महिन्यांचा हिशेब

घरातली गाडी बंद म्हणजे खर्चही बदलतो. पेट्रोलचे किती वाचतात आणि रिक्षा, बस, शेजाऱ्यांची सोबत यांत किती जातात, ते एका पानावर मांडा. पुष्कळ घरांत फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. गाडी चालवणे हीच कमाई असलेल्या घरात मात्र हे तीन महिने जड जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात गाडीच्या हप्त्याबद्दल बँकेत जाऊन बोला. हप्ता चुकल्यावर बोलण्यापेक्षा चुकायच्या आधी बोललेले ऐकून घेतात. गाडी दुसऱ्या लायसन्सवाल्या माणसाला रोजावर चालवायला देणार असाल तर आधी त्याचे लायसन्स चालू आहे ना, ते बघून घ्या.

उभी राहिलेली स्कूटर आठवड्यातून एकदा स्टँडवरच सुरू करून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. विम्याचे नूतनीकरण आणि पीयूसीच्या तारखा या काळातही चुकवू नका.

आणि आज संध्याकाळी, मैत्रिणींनो, एवढे करा. एक जुनी वही घ्या. घरात जो जो गाडी चालवतो त्याच्या नावापुढे लायसन्सचा नंबर, ते कधी संपते ती तारीख आणि कोणत्या कार्यालयाचे आहे ते लिहा. त्याखाली गाडीचा नंबर, नाव कुणाचे, विमा कधी संपतो आणि पीयूसी कधी, हे लिहा. एक पान कोरे ठेवा. कधी पावती, नोटीस किंवा आदेश आलाच तर त्याची तारीख त्या पानावर त्याच दिवशी जाईल. ही वही रेशनकार्डाजवळ ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही.